बेवारस राजपुत्र

गेल्या रविवारीं रात्रीं मीं चोरी केली. घरांतील मंडळी निजल्यावर संगणक मांडीवर घेऊन बसलों, आणि अवघ्या दोन मिनिटांत इराणचा एक राजपुत्र कोणा अनोळखी माणसाच्या कोठारांतून माझ्या घरीं उतरवून घेतला. पंचेचाळिशी गांठलेल्या गृहस्थाला हा उद्योग शोभणारा नव्हे, हें मला ठाऊक आहे. म्हणूनच सकाळीं चहाच्या वेळीं कन्येनें पडद्याकडे पाहून, “बाबा, हा खेळ तुम्हीं विकत घेतलात?” असें विचारलें, तेव्हां माझ्या हातांतला कप बशींत जरा जोरानेंच आदळला. तिच्या प्रश्नाला कारण होतें. पंधरवड्यापूर्वींच मीं त्याच टेबलाशीं बसून चोरीविषयीं एक लांबलचक व्याख्यान दिलें होतें. परंतु त्याआधीं राजपुत्राची ओळख करून देणें बरें.

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा खेळ जॉर्डन मेकनर नांवाच्या अमेरिकन तरुणानें रचला आणि तो १९८९ सालीं प्रसिद्ध झाला. धाकट्या भावाला धावायला नि उड्या मारायला लावून त्यानें त्याचें चित्रण केलें, आणि त्या चित्रांवरून राजपुत्राची एकेक हालचाल उतरविली. त्यामुळें उडी चुकून राजपुत्र कड्याला हातांनीं लोंबकळूं लागला, कीं आमच्या पोटांत गोळा येई. एका तासांत बारा टप्पे ओलांडून राजकन्येला सोडवावयाचें, अशी अट. १९९३ सालीं दादरला मामांच्या घरीं संगणक आला, आणि माझा मामेभाऊ बंडूदादा यानें कोणाकडून तरी या खेळाची नक्कल फ्लॉपीवर करून आणली. पहिला टप्पा संपला कीं एक दालन लागे. तेथें प्याले मांडलेले असत व प्रत्येकापाशीं एक रोमन अक्षर असे. खेळासोबतच्या पुस्तिकेंतील अमुक पानावरील अमुक शब्दाचें आद्याक्षर ज्यापाशीं असेल, तो प्याला प्यावयाचा. चुकीचा प्याला घेतला, कीं निम्मी प्राणशक्ति जाई. नक्कल करणाराला अडविण्याची ती युक्ति होती. आमच्याजवळ पुस्तिका कोठली? आम्ही देवाचें नांव घेऊन प्याला उचलीत असूं आणि बहुधा मरत असूं. विषाचे प्याले हा खेळाचाच एक भाग आहे, अशी माझी कित्येक वर्षें समजूत होती!

बंडूदादाला जाऊन या महिन्यांत वर्ष झालें. रविवारीं त्याचें वर्षश्राद्ध होतें. रात्रीं झोंप येईना, तेव्हां राजपुत्राची आठवण झाली. विकत घेण्याजोगी प्रत शोधून पाहिली; मला ती आढळली नाहीं. पुढें काय केलें तें सांगितलेंच आहे.

कन्येला उत्तर देण्यासाठीं मी कायदा काढून बसलों. जुन्या खेळांच्या शौकिनांनीं ‘सोडून दिलेले खेळ’ असा एक वर्ग कल्पिला आहे. कंपनी बुडाली, माल दुकानांतून नाहींसा झाला, तेव्हां तो बेवारस, असा त्यांचा हिशेब. कायद्याला असा वर्ग ठाऊक नाहीं. आपल्या १९५७ च्या कायद्यांत १९८४ च्या दुरुस्तीपासून संगणकाची आज्ञावली ही वाङ्मयकृति मानलेली आहे, आणि वाङ्मयावरील हक्क कर्त्याच्या मागें ६० वर्षें चालतो. मेकनरसाहेब सुदैवानें हयात आहेत. म्हणजे त्या साठ वर्षांची मोजणी अजून सुरूच झालेली नाहीं. कर्त्याला हक्क सोडावयाचा असेल तर त्यानें रीतसर सूचना द्यावी लागते. त्याचें मौन ही संमति नव्हे. मूळ प्रत नासेल या भीतीनें राखीव प्रत करण्याची मुभा आहे. पण ती ज्याची मूळ प्रत सचोटीची, त्याला. आमची तर १९९३ ची फ्लॉपीच नकली. चोरीची आज्ञावली जाणूनबुजून वापरणाराला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. व्यापारी लाभाचा हेतु नसेल, तर न्यायालय ५०,००० रुपयांपर्यंतच्या दंडावर सोडूं शकतें. एवढें वाचून मीं पुस्तक मिटलें.

आतां तें व्याख्यान. २००८ सालीं माझें निबंधांचें एक लहानसें पुस्तक निघालें. प्रती हळूहळू संपल्या. प्रकाशकांनीं तें पुन्हां छापलें नाहीं. पंधरवड्यापूर्वीं नागपूरच्या एका वाचकांचें पत्र आलें. पुस्तक कोठेंच मिळेना, म्हणून एका स्नेह्यानें पानांचीं छायाचित्रें घेऊन केलेली प्रत त्यांनीं मिळविली आणि आणखी दहा जणांना दिली, असें त्यांनीं मोठ्या आनंदानें कळविलें होतें. मला मात्र संताप आला. याला चोरी म्हणतात, असें मीं उलट टपालीं कळविलें, आणि दिवसभर घरांत तेंच पुराण लावलें.

हें सारें आठवून मी ओशाळलों. मग जुन्या खेळांची स्थिति पाहूं लागलों. २०२३ सालीं ‘व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन’ या संस्थेनें पाहणी केली, तेव्हां अमेरिकेंत २०१० पूर्वीं प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के बाजारांत मिळतच नाहींत, असें दिसून आलें. ग्रंथालयांना हे खेळ संशोधकांना दुरूनहि दाखवितां यावेत, ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयानें २०२४ सालीं फेटाळली. कायद्याची मुदत संपेपर्यंत फ्लॉपी मात्र थांबत नाहीं. खुद्द मेकनरजवळहि आपल्या खेळाचें मूळ लिखाण उरलें नव्हतें. २०१२ सालीं त्याच्या वडिलांना कपाटांत एक खोकें सापडलें, त्यांत त्या फ्लॉप्या निघाल्या. जाणकारांनीं त्या जपून वाचल्या आणि मेकनरनें तें लिखाण जगाला पाहण्यासाठीं इंटरनेटवर ठेवलें. कर्त्याच्या घरांतच ही गत, तर परक्यांच्या नकलांनीं किती खेळ वांचले असतील!

एवढ्यानें चोरी हें पुण्य ठरत नाहीं. जतनाचा जप करणाऱ्यांत फुकट मिळतें म्हणून घेणारेहि पुष्कळ असतात, आणि काल बाजारांत आलेल्या खेळाची नक्कल करणें म्हणजे कर्त्याच्या पानांतला घास उचलणें होय. परंतु मालकी म्हणजे केवळ अडविण्याचा अधिकार नव्हे. विहिरीच्या मालकानें पाण्याचे पैसे घ्यावेत; विहीर बुजूं द्यावी आणि वर पहारा बसवावा, हें बरें नव्हे.

हें मनांत येतांच मीं माझ्या पुस्तकाचें करारपत्र शोधून काढलें. त्यांत मुदतच लिहिलेली नव्हती. आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची समजावी, असें कायदा म्हणतो. म्हणजे २०१३ पासून पुस्तकाचे हक्क माझ्याकडेच होते! प्रकाशकांच्या नांवानें बोटें मोडण्यांत मीं इतकीं वर्षें घालविलीं. किल्ली माझ्याच खणांत होती, आणि दाराबाहेर ताटकळणाऱ्या वाचकांना मीं चोर म्हटलें.

नागपूरला दुसरें पत्र धाडलें आहे. त्यांत क्षमा मागितली, आणि त्यांच्याजवळची प्रत मागविली. कारण माझ्या एकुलत्या एका प्रतीला वाळवी लागली आहे. नवी आवृत्ति तिच्यावरूनच निघेल.

राहिला राजपुत्र. काल रात्रीं तो पुन्हां सुरू केला. प्याल्यांचें दालन आलें. पुस्तिका आजहि जवळ नव्हती. बंडूदादा नेहमीं डावीकडचा प्याला घेई. मींहि तोच घेतला. निम्मी प्राणशक्ति गेली. मग मीं खेळ बंद केला आणि संगणकावरून काढून टाकला. कन्या म्हणाली, “पण बाबा, तुम्हांला तो हवा होता ना?”

हवा होता, आणि अजूनहि हवा आहे. मालकानें उद्यां दुकान उघडलें, तर पैसे मोजून घेईन. मात्र तोंपर्यंत त्या अनोळखी माणसाच्या कोठाराला कोणीं टाळें ठोकलें, तर मला आनंद होणार नाहीं, हेंहि तिच्याजवळ कबूल करून टाकलें.