रोडामाइन बी, तुझी जागा नळीतच

प्रिय रोडामाइन बी,

नवरात्रात कर्णपुऱ्याच्या यात्रेत पोरांच्या मनगटावर लाल, हिरवी, निळी कडी चमकायला लागली की मला तुझी आठवण येते. विक्रेता प्लॅस्टिकची नळी वाकवतो, आतली काचेची बारीक कुपी कट्‌कन फुटते आणि दोन द्रव एकमेकांत मिसळतात: एकात हायड्रोजन पेरॉक्साइड, दुसऱ्यात ऑक्झॅलेट एस्टर. त्यातून क्षणभर टिकणारं एक संयुग बनतं. ते मोडून कार्बन डायऑक्साइड होताना सुटलेली ऊर्जा तुम्हा रंगद्रव्यांच्या पदरात पडते आणि तुम्ही ती उजेड म्हणून परत देता. ना सेल, ना वात, ना चटका.

बाकीचं रसायन तेच. रंग ठरवता तुम्ही. डायफेनिल अँथ्रासीन असेल तर निळा, रुब्रीन असेल तर पिवळा-नारिंगी, तू असशील तर लाल. 1960च्या दशकात बेल लॅब्जमध्ये एडविन चँड्रॉस यांनी या उजेडाची वाट दाखवली, अमेरिकन सायनामिडच्या मायकेल राउहट यांनी तो नळीत भरण्याजोगा केला. या कुटुंबात तू जरा कच्चा. त्या द्रवात तू फार काळ तग धरत नाहीस, म्हणून चांगल्या नळ्यांत लाल रंगासाठी आता दुसरी द्रव्यं वापरतात. तरी मला तू आवडतोस.

जीव घाबरा होतो तो शेजारच्या गाडीपाशी. तिथं काडीवर गुलाबी ‘म्हातारीचे केस’ फुगत असतात. फेब्रुवारी 2024मध्ये तमिळनाडूत याच मिठाईच्या नमुन्यांत तू सापडलास आणि तिथल्या सरकारनं तिची विक्रीच बंद केली. पुढच्याच महिन्यात कर्नाटकानं रंगीत मिठाईवर बंदी आणली. खाण्याच्या पदार्थांत तुला देशभर मनाई आहे, पण तू स्वस्त आणि चिमूटभर पुरतोस, म्हणून लोकांना मोह होतो. माझा राग तुझ्यावर नाही, तुला पोरांच्या तोंडात घालणाऱ्यांवर आहे. आणि पोरं नळीही चावतात. आत काच असते, द्रव डोळ्यांत गेला तर आग होते. हे विकणाऱ्यानं सांगायला हवं.

अन्न व औषध प्रशासनानं यात्रेचे नमुने संध्याकाळी, ऐन गर्दीत घ्यावेत आणि निकाल यात्रा उठायच्या आत जाहीर करावेत. तोवर आईबापांनी गाडीवाल्याला एवढंच म्हणावं: बिनरंगाचे द्या.

कळावे,
एक संभाजीनगरकर