कडुनिंबाची लक्षणे की उन्हाळ्याची?

विल्यम बोरिक यांच्या होमिओपॅथीच्या ग्रंथात आपल्या कडुनिंबाची नोंद आहे. विसराळूपणा, उठताना येणारी चक्कर, डोकेदुखी, दुपारचा ज्वर, चेहरा आणि हातापायांची आग, शरीराच्या वरच्या भागाला सुटणारा भरपूर घाम. निरोगी व्यक्तीने औषध घ्यावे, जे जाणवेल ते टिपावे, आणि तशीच लक्षणे असलेल्या रुग्णाला तेच औषध द्यावे, या रीतीतून अशा याद्या सिद्ध होतात. 1790 मध्ये हानेमान यांनी सिंकोनाची साल स्वतः घेऊन तिचा पाया घातला.

ही यादी घेऊन मे महिन्यातील दुपारी भिलाईच्या पावर हाउस स्थानकाबाहेर उभे राहावे. भाजीवाली, रिक्षाचालक, गाडीची वाट पाहणारा कामगार, कोणालाही विचारावे; निम्मी यादी तेथेच भरेल, आणि त्यांपैकी कोणी कडुनिंबाचे पानही चाखलेले नसेल. पाडव्याला कडुनिंब खाणाऱ्या एखाद्या मराठी घराने त्या दिवसापासून रोज लक्षणे टिपली, तर चढत्या उन्हाचा सारा ताप त्या बिचाऱ्या झाडाच्या नावे जमा होईल. यात धोकाही आहे. दुपारी चक्कर येऊन अंग तापलेल्या माणसाला उष्माघात झालेला असू शकतो. त्याला यादीशी जुळवत बसण्यात मोलाची मिनिटे जातात.

किरणोत्सर्ग मोजणारा विद्यार्थी आधी स्रोताविना मोजणी घेतो, कारण गणक रिकाम्या खोलीतही टिकटिकतो. शरीरही तसेच टिकटिकत असते. न्यूरेंबर्गमध्ये 1835 साली हेच तपासले गेले: काही बाटल्यांत विरल केलेले मीठ, काहींत नुसते बर्फाचे पाणी, आणि कोणती कोणाकडे हे घेणाऱ्यालाही ठाऊक नाही, देणाऱ्यालाही नाही. उत्तर देणाऱ्या 50 जणांपैकी 42 जणांना काहीच जाणवले नाही. उरलेल्या 8 जणांपैकी 5 जणांनी मीठ घेतले होते, 3 जणांनी पाणी.

(तिसाव्या शततमान विरलनात मूळ द्रव्य 10 च्या उणे 60 व्या घाताइतके उरते. एका मोलमध्ये कण सुमारे 6 गुणिले 10 चा 23 वा घात. उरलेला हिशेब वाचकांनी करावा.)

भारतात केंद्रीय होमिओपॅथी संशोधन परिषद वनस्पतींच्या अशा चाचण्या घेते, आणि आता त्यांत निष्क्रिय गोळ्या घेणारा गटही असतो. त्यामुळे असा अहवाल हाती आल्यास आधी त्या गटाचा तक्ता उघडावा: नुसत्या साखरेच्या गोळ्यांवर किती जणांचे डोके दुखले, आणि त्या वेळी ऋतू कोणता होता?