फादर राल्फ, प्रकृती आणि आपण

कॉलीन मॅक्कलो या ऑस्ट्रेलियन लेखिकेची ‘द थॉर्न बर्ड्‌स’ ही कादंबरी १९७७ साली प्रसिद्ध झाली. १९८३ साली अमेरिकेत तिच्यावर दूरदर्शन मालिकाही निघाली. आमच्याकडे मात्र ती रद्दीवाल्याकडून आली, पाने सुटलेली, जाडजूड. आम्ही कल्याण-डोंबिवलीहून ठाण्याला नोकरीला जाणाऱ्या काहीजणी. जिला इंग्रजी जमते ती रात्री वाचायची आणि सकाळी महिला डब्यात बाकीच्यांना मराठीतून कथा सांगायची. पुस्तक असे महिनाभर पुरले. आम्ही रडलो आणि चिडलोही. या दोन्हींचे कारण काय, ते भगिनींपुढे मांडावे असे वाटले.

कथा अशी. ऑस्ट्रेलियातल्या मेंढपाळीच्या एका अफाट जहागिरीवर क्लिअरी नावाचे गरीब कुटुंब येते. त्यांची मेगी नऊ-दहा वर्षांची आणि तिथला कॅथलिक धर्मगुरू फादर राल्फ अठ्ठावीस वर्षांचा. भावांच्या घोळक्यात दुर्लक्षित राहिलेल्या या पोरीला तो माया लावतो. ती मोठी होते तशी त्या मायेची प्रीत होते. फादर ब्रह्मचर्याच्या व्रताने बांधलेला. शिवाय जहागिरीची म्हातारी मालकीण मरताना एक कोटी तीस लाख पौंडांची मालमत्ता चर्चला देऊन जाते, पण कारभार राल्फच्या हाती राहावा अशी अट घालते. ते मृत्युपत्र दडपले असते तर सगळे मेगीच्या बापाला मिळाले असते. राल्फ ते पुढे करतो आणि पायरी पायरीने कार्डिनल होतो. मेगी दुसऱ्याशी लग्न करते, तिथे सुख नाही. पुढे राल्फपासून तिला मुलगा होतो, तो स्वतःच धर्मगुरू बनतो आणि समुद्रात बुडून मरतो. हा आपला मुलगा होता हे राल्फला तेव्हा कळते.

मेगीचे दुःख खरे वाटते म्हणून आम्ही रडलो. ज्याच्यावर जीव आहे तो समोर आहे, पण आपला नाही, हे कोणत्या बाईला कळणार नाही?

पण राग आला त्याची कारणे तीन. पहिले, मुलगी पोरवयाची असल्यापासून तिच्या मनावर ज्याची सत्ता, त्याची ती प्रेयसी व्हावी हे आमच्या घशाखाली उतरले नाही. आज आमच्या घरातही त्या वयाच्या मुली आहेत. दुसरे, राल्फ देव आणि मेगी यांच्यात अडकला आहे असे पुस्तक म्हणते. आम्हाला तो खुर्ची आणि मेगी यांच्यात अडकलेला दिसला. तिसरे कारण सर्वांत मोठे. काट्यावर छाती टोचून घेऊन मरताना सर्वांत गोड गाणारा पक्षी, या दंतकथेवर कादंबरीचे नाव बेतले आहे. म्हणजे दुःख जितके खोल तितके जीवन सुंदर! आमच्या आज्यांना दुःख म्हणजे नशीब असे सांगितले गेले. ते ओझे १९५६ साली नागपूरला उतरवून ठेवले. आता त्यालाच फुले वाहायची काय?

आणि इथे आम्हाला आपली प्रकृती आठवली. बाबासाहेबांनी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात तिची कथा दिली आहे. चांडाळ कन्या पाणी भरत असते, भिक्खू आनंद पाणी मागतो. ती जात सांगते. तो म्हणतो, मला पाण्याशी काम आहे, जातीशी नाही. तिचा जीव त्याच्यावर जडतो. आई त्याला घरात अडकवू पाहते. शेवटी तथागत स्वतः त्या मुलीला बोलावून घेतात, तिच्याशी बोलतात आणि ती भिक्खुणी होते. या कथेवर रवींद्रनाथांनी १९३३ साली ‘चंडालिका’ नाटक लिहिले.

प्रकृतीला कुणी वर्षानुवर्षे आशेवर टांगून ठेवले नाही, हा फरक आम्हाला मोठा वाटतो. तिला चोख उत्तर मिळाले आणि संघात मानाची जागाही मिळाली. तरी आमच्यातली एक म्हणालीच, “तिचे केस गेले, पण तिच्या प्रेमाचे काय झाले ते कुणी विचारले का?” या प्रश्नावर ठाणे स्टेशन आले तरी आमचे एकमत झाले नाही.

एका मुद्द्यावर मात्र झाले. कॅथलिक पंथात धर्मगुरूचे लग्न ११३९ सालच्या लॅटेरन परिषदेने रद्दबातल ठरवले. व्रतातून मोकळे व्हायचे तर रोमची परवानगी लागते. राल्फने ती मागितली नाही. आपल्या विनयात वाट सोपी आहे. ज्याला व्रत पेलत नाही त्याने दुसऱ्या भिक्खूपुढे तसे स्पष्ट सांगावे आणि चीवर उतरवून घरी जावे. चीवर अंगावर ठेवून लपूनछपून संसार करणे हा मात्र संघातून कायमचे बाहेर घालवणारा दोष आहे.

वाट सोपी आहे, पण आपली वस्ती ती सोपी ठेवते का? आमच्यातल्या एकीचा मावसभाऊ चार वर्षे भिक्खू होता. गुरू भन्तेंना सांगून, वंदन करून तो परत आला. दोन वर्षांनी स्थळ पाहून रीतसर लग्न केले. तरी लोकांनी त्याला पळपुटा ठरवले आणि ज्या पोरीने त्याला चीवरात कधी पाहिलेही नव्हते तिच्यावर भन्तेला नादी लावल्याचा आळ घेतला. आजही बुद्धपौर्णिमेला ती दोघे विहारात मागच्या भिंतीला टेकून बसतात. श्रामणेर शिबिरातून दहा दिवसांनी परतणाऱ्या पोराला आपण हार घालतो. मग चार वर्षांनी प्रामाणिकपणे परतलेल्याला शिव्या का? परतीच्या वाटेवर अशी माणसे उभी असतील, तर दुबळा माणूस खोटेपणाचीच वाट धरील.

एका कादंबरीवरून कुणी ख्रिस्ती धर्मगुरूंना जोखू नये. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आयुष्यभर व्रतस्थ राहिले, हिरवी वसई वाचवायला लढले, २०२० साली उस्मानाबादच्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २०२४ साली ते गेले तेव्हा सर्व धर्मांची माणसे हळहळली. भिक्खू हा केवळ परिपूर्ण पुरुष व्हायचा की समाजसेवक, असा प्रश्न बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत विचारला आहे आणि आशा समाजसेवकावर ठेवली आहे. समाजाची सेवा ज्याला चीवरात जमते त्याने ती चीवरात करावी, ज्याला संसारात जमते त्याने संसारात.

पुस्तक आम्ही फेकले नाही. सुटी पाने शिवून घेतली, आता ते दुसऱ्या डब्यातल्या मैत्रिणी वाचत आहेत. आणि येत्या बुद्धपौर्णिमेला त्या मावसभावाला आणि त्याच्या बायकोला पुढच्या रांगेत आमच्या शेजारी बसवायचे, असे आम्ही ठरवले आहे. कुणाला काही विचारायचे असेल तर त्यांनी आम्हाला विचारावे.