सुईला अडतंय का?

किडनीच्या धमनीवरचा ॲन्युरिझम बहुधा दुफाट्यावरच बसतो. फुगवटा कापून काढणं अवघड नाही. तो नेमका कुठून कापायचा, हे मात्र मला अजूनही दर वेळी नव्याने ठरवावं लागतं. एखादी शाखा त्याच्या मानेतून निघते, एखादी थेट पोटातून. कड जास्त ठेवली तर रोगट भिंत मागे राहते, कमी ठेवली तर शाखेचं तोंड आवळतं. आणि इथल्या शाखा एकमेकींना रक्त उसनं देत नाहीत. एक बंद पडली की किडनीचा तेवढा तुकडा गेला.

सीटी हे सगळं रंगीत करून, फिरवून दाखवतं. भिंतीची जात दाखवत नाही. फायब्रोमस्क्युलर डिस्प्लेशिया या धमनीच्या आजारातली भिंत बाहेरून तुकतुकीत असते आणि टाका घालावा तर भिजलेल्या पापडासारखी. चांगली भिंत सुईला किंचित अडवते, मग सोडते. वाईट भिंत अडवतच नाही. एवढ्या एका अडण्यावर माझं सगळं शास्त्र उभं आहे.

आडवळणाचे फुगवटे मी किडनी बाहेर काढून, बर्फात ठेवून दुरुस्त करतो आणि मग ती खाली इलियाक खळग्यात बसवतो. जेम्स हार्डी यांनी १९६३ मध्ये रुग्णाचीच किडनी अशी हलवली, तीही जखमी मूत्रवाहिनीसाठी. क्लॅम्प सुटल्यावर पांढुरकी किडनी गुलाबी होते, तेव्हा थिएटरात कोण कोण बघतंय यावर माझी नजर फिरतेच. भूलतज्ज्ञाने डोकं वर काढलं नाही तर रागही येतो.

माझी विद्यार्थिनी मांडीतून कॅथेटर नेते, स्टेंटच्या जाळीआडून फुगवट्यात कॉइल भरते आणि पेशंट लवकर घरी जातो. कॉइलवाल्यांना प्रत्येक मान अरुंद दिसते, असं मी चारचौघांत म्हणतो. मला प्रत्येक मान रुंद दिसते, हे म्हणत नाही. त्यात उंबरठाही सरकला. पूर्वी दोन सेंटिमीटरला हात घालायचो. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शक सूचनांनी त्रास नसलेल्यांसाठी तो तीनवर नेला. सरासरी वाढ वर्षाला मिलिमीटरहूनही कमी असते, म्हणून. मूल होण्याच्या वयातल्या बाईचा मात्र कुठल्याही आकाराचा हाताळायचा, कारण गरोदरपणात फुटला तर आई आणि बाळ दोघंही जाऊ शकतात. हिशेब बरोबर आहे. माझ्या केसेस कमी झाल्या म्हणून मी चिडलो, हेही तितकंच खरं.

अलेक्सी कॅरेल ल्योंमधल्या एका भरतकाम करणाऱ्या बाईंकडे टाके शिकले आणि १९१२ मध्ये नोबेल घेऊन गेले. केसेसच कमी झाल्यावर आमच्या पोरांना रक्तवाहिनीवर टाके घालायला मिळणार कुठे?

हल्ली माझ्या डाव्या अंगठ्याला बारीक कंप आहे. सही करताना कळत नाही, भिंगाखाली सात-शून्य प्रोलीनचा धागा आला की दिसतो. म्हणून परवा बर्फातल्या किडनीवर सुई त्याच विद्यार्थिनीच्या हातात दिली आणि समोर उभा राहून विचारत बसलो, ‘‘अडतंय का?’’

‘‘थोडं, सर.’’

थोडं म्हणजे किती? तिच्या बोटातलं मला कसं कळणार? तिने मी घेतली असती त्याहून आतून कड घेतली. का, विचारलं तर म्हणाली, ‘‘इथे अडलं.’’ डॉप्लरवर तिन्ही शाखा छान वाहताहेत. तरी माझी कड जास्त देखणी झाली असती.