दर रविवारी निरोप

फ्रान्समधल्या तेझे या खेड्यात ख्रिस्ती ब्रदरांचा एक मठ आहे, आणि तरुण पोरं तिथं आठवडाभर प्रार्थनेला येऊन राहतात. तिथं रविवार हा निघण्याचा दिवस. आदल्या रविवारी आलेली पोरं सकाळची उपासना आणि दुपारचं जेवण उरकलं की पाठीवर सॅक चढवतात आणि बसकडे चालू लागतात. भर उन्हाळ्यात एका आठवड्याला काही हजार माणसं असतात. त्याच दुपारी नवी माणसं येऊन उतरतात. जाणाऱ्यांच्या खाटा झाडून येणाऱ्यांना द्यायच्या, हे काम आम्हा स्वयंसेवकांचं. त्यामुळे निरोपाचा दिवस आमच्यासाठी आठवड्यातला सगळ्यात घाईचा दिवस. एका हातात झाडू, दुसरा हात गळ्यात पडलेल्या कुणाच्या तरी पाठीवर.

मी सोलापूरची, रंगभवनजवळच्या चर्चची. संडे स्कूलला शिकवते. पाळकसाहेबांनी शिफारसपत्र दिलं, तिकडून बोलावणं आलं आणि जुलै ते सप्टेंबर असे तीनेक महिने मी तिथं राहिले. स्वयंसेवकांचं राहणं-खाणं तिथंच होतं. विमानाच्या तिकिटासाठी मात्र पप्पांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं.

निघायच्या आधी भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं डॉक्टर कोटणीसांचं नाव काढलं. सोलापूरचं कुणी परदेशात सेवेला निघालं की आम्हाला दुसरं उदाहरण सुचतच नाही. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या 32 व्या वर्षी, तिथंच वारले. मधल्या काळात इकडं वडील गेले तरी ते परतले नव्हते. शेजारचे काका कौतुकानं पप्पांना म्हणाले, "आपली पोरगी कोटणीस व्हायलालीय बे!" आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी खाटा झाडायला चाललेय, युद्धावर नाही, हे तिला पुढचे चार दिवस समजावत होते.

दुसरा प्रश्न सगळ्यांचा एकच: तेझेचे ब्रदर कॅथलिक की प्रोटेस्टंट? याचं उत्तर सोलापुरात पटवणं अवघड गेलं, कारण ते दोन्ही आहेत. 1940 साली रॉजर शुट्झ नावाचा पंचविशीतला स्विस तरुण जिनिव्हाहून सायकलवर या गावात आला, एक घर घेतलं आणि युद्धातून पळून येणाऱ्यांना त्यात लपवू लागला. त्यांत ज्यूही होते. 1942 मध्ये त्याला गाव सोडावं लागलं, 1944 मध्ये तो परत आला. 1949 च्या ईस्टरला सात जणांनी आजन्म व्रत घेतलं. ते सगळे प्रोटेस्टंट होते, पुढं कॅथलिकही सामील झाले आणि आज तीसेक देशांतले ब्रदर एकत्र राहतात. ते देणगी घेत नाहीत. मातीची भांडी बनवून विकतात, पुस्तकं काढतात आणि त्यावर स्वतःचा खर्च भागवतात. 16 ऑगस्ट 2005 रोजी संध्याकाळच्या प्रार्थनेत, हजारो लोकांच्या देखत, नव्वदीतल्या ब्रदर रॉजरवर एका मनोरुग्ण बाईनं चाकूनं वार केले आणि ते गेले. गावातल्या जुन्या दगडी चर्चच्या बाजूला त्यांची कबर आहे. तिथं संगमरवर नाही, एक साधा लाकडी क्रूस आणि फुलझाडं. आमच्याकडं यापेक्षा मोठी कबर नगरसेवकाच्या वडिलांची असते.

मोठं चर्च 1962 चं, जर्मन तरुणांनी येऊन बांधलेलं. युद्धात ज्या देशाला जखमा केल्या तिथं प्रायश्चित्त म्हणून. आत बाकं नाहीत. सगळ्यांनी जमिनीवर बसायचं, दिवसातून तीनदा, आणि मधली शांतता आठ-दहा मिनिटांची. युरोपातली पोरं पहिल्या दोन दिवसांत गुडघे चोळायला लागतात. त्यांच्यासाठी बुटकी लाकडी स्टुलं ठेवलेली असतात, पाय खाली दुमडून वर बसायला. मी मांडी घालून तासभर बसायचे तर बाजूची जर्मन मुलगी चोरून बघायची. भजनाला बसण्याची सवय एवढ्या लांब कामाला येईल असं वाटलं नव्हतं.

खाण्याबद्दल काय सांगू? सकाळी पाव, लोणी, चॉकलेटच्या दोन कांड्या आणि वाडग्यातून चहा. कपाला कान नाही, कारण कपच नाही. जेवायला एकच मोठा चमचा, सुरी-काटा नाही. उकडलेलं, बेचव, पण गरम आणि पोटभर. मी नेलेली शेंगाचटणी लोणीपावावर पसरून खायला पोलंडच्या मुलीनं आधी सुरुवात केली, मग सेनेगलच्या मुलीनं, आणि ऑगस्टच्या मध्यात डबा रिकामा झाला. आम्ही तिघी एकाच खोलीत होतो. मुलींची व्यवस्था सेंट अँड्र्यू संघाच्या सिस्टर पाहायच्या. शेजारच्याच आमनी गावात त्यांचं घर आहे आणि 1966 पासून त्या ब्रदरांच्या मदतीला आहेत.

भाषांची अडचण मला फारशी झाली नाही. सोलापुरात वाढलेल्या पोराला दारात तेलुगू, बाजारात कन्नड, रिक्षात उर्दू आणि घरी मराठी ऐकून ऐकून एक सवय लागलेली असते: शब्द कळला नाही तरी माणूस कळतो. तिथं एकच वचन चार-पाच भाषांत वाचतात. एका दुपारी ते मराठीत वाचायला मला उभं केलं. हजारभर माणसांत ते कळणारी मी एकटीच.

पहिल्या दोन-तीन रविवारी मी बरीच रडले. आठवडाभर भांडी घासायला सोबत असलेली पोरं निघून जायची आणि मला ते झेपायचं नाही. आमच्याकडं माणूस निघतो तेव्हा तासभर निघतच असतो. आधी घरात, मग दारात, मग रिक्षापाशी, आणि स्टेशनवर गाडी हलल्यावरही कुणीतरी खिडकीला धरून चालत राहतं. तिथं पाच मिनिटांत आटपायचं. एका सिस्टरनं मला कोपऱ्यात घेऊन सांगितलं, "रडायचं असेल तर रड, पण पहिली बस चार वाजता येते." मला तेव्हा ते कोरडं वाटलं. नंतर तिच्याबरोबर गाद्या उचलताना लक्षात आलं, की ही बाई वर्षानुवर्षं दर रविवारी हेच करत आलीय. कोरडी असती तर कधीच निघून गेली असती.

पण तीन-चार आठवड्यांनी मला दुसरीच गोष्ट दिसायला लागली आणि त्यानंतर ती दिसायची थांबली नाही.

युरोपातली पोरं निघताना हसत निघतात. स्टुटगार्टची मुलगी म्हणते, ईस्टरला येते. लिस्बनचा मुलगा म्हणतो, डिसेंबरात भेटू. वर्षाच्या शेवटी तेझेचे ब्रदर युरोपातल्या कुठल्या तरी शहरात तरुणांचा मोठा मेळावा भरवतात, 1978 ला पॅरिसपासून सुरू झालेला. रात्रीची बस पकडली की पोचले. त्यांचा निरोप म्हणजे आमच्याकडं पंढरपूरला जाऊन येतो म्हणण्यासारखा. खोटं बोलत नसतात ते, खरंच येतात.

आम्ही मात्र वेगळ्या हिशोबात होतो. शेंगेन व्हिसावर 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. माझा मुक्काम किती, हे कामानं ठरवलं नव्हतं, सिस्टरनी नाही, मीही नाही. पासपोर्टावर चिकटवलेल्या कागदानं ठरवलं होतं. सेनेगलच्या मुलीचंही तेच, बोलिव्हियाहून आलेल्या मुलाचं थोड्याफार फरकानं तेच. आम्हाला कुणी "परत कधी?" म्हटलं की आम्ही एकमेकांकडं बघायचो. पुढं सेनेगलची मुलगी मोकळं सांगायला शिकली: "मी येणार नाही. तू ये." समोरचा गोंधळायचा. मला ते फार आवडायचं. माझ्याच्यानं मात्र झालं नाही. मी "बघू" म्हणायचे. आपल्याकडं "नाही" असं तोंडावर म्हणायची पद्धत नाही.

आजीला फोनवर हे सांगितलं तेव्हा तिला त्यात नवल काहीच वाटलं नाही. आजी अमेरिकन मराठी मिशनच्या, मेरी बी. हार्डिंगबाईंच्या नावाच्या बालवाडीत शिकवायची. या मिशनची माणसं 1813 मध्ये मुंबईला उतरली, 1831 मध्ये अहमदनगरला गेली आणि 1860 च्या दशकात सोलापुरात येऊन राहिली. नंतरची शंभर वर्षं शाळा, वसतिगृहं, दवाखाने यांत कुणी ना कुणी अमेरिकन मडम किंवा साहेब असायचेच. काही वर्षांनी ते रजेवर मायदेशी जायचे. मग सगळी मंडळी हार घेऊन सोलापूर स्टेशनवर. आजी म्हणाली, "मडमबाई खिडकीतून सांगायच्या, परत येते गं. काही आल्या, काही नाही आल्या. पण तू चल, असं मला कुणी म्हटलं नाही." यात तक्रार नव्हती. मडमबाईंवर तिचा फार जीव होता, त्यांनी शिकवलेली क्रोशाची नक्षी ती अजून विणते. पुढं ते सगळे गेले. 1970 मध्ये नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि आमची मंडळी त्यात आली. आजी हे सगळं एका दमात सांगते, जणू एकच गाडी सुटली.

मिशनची माणसं इथं आयुष्य घालवून गेली, त्यांच्या कबरी इथं आहेत, हे मी विसरत नाही. माझ्या तीन महिन्यांच्या झाडूची त्याच्याशी बरोबरी नाही. पण जायचं-यायचं कुणाच्या हातात आणि हार घेऊन उभं कुणी राहायचं, हा भाग मला तिथं खाटा झाडताना जास्त नीट कळला.

माझी निघायची वेळ सप्टेंबरात आली. तोवर गर्दी ओसरली होती आणि आसपासच्या द्राक्षमळ्यांत तोडणी चालू होती. सोलापूरजवळच्या नान्नजची द्राक्षं पाहिलेल्या माणसाला ती वेल अगदीच बुटकी वाटते. मांडव नाही, कमरेएवढी झुडपं. शनिवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत सगळ्यांच्या हातात बारीक मेणबत्त्या असतात आणि लहान मुलं पुढून ज्योत आणून देतात. माझी मेणबत्ती दोनदा विझली, कारण बोलिव्हियाचा मुलगा मागून फुंकर मारत होता. रात्री आमच्या खोलीत चहा झाला. मी सोलापुरी नॅपकिन नेले होते, ते वाटले. पोलंडच्या मुलीनं तो नॅपकिन सरळ डोक्याला बांधला आणि रात्रभर तशीच नाचली. मला सगळ्यांनी मिळून एक मातीचा वाडगा दिला, ब्रदरांनी बनवलेला. हातातल्या सामानातून आणला तरी मुंबईपर्यंत जीव टांगणीला.

रविवारी खाटा झाडायच्या माझ्या पाळीला सिस्टरनं दुसरीला लावलं. मी म्हटलं, झाडून जाते. ती म्हणाली, "आज तू जाणाऱ्यांत आहेस." मग मी बाकीच्यांसारखी सॅक घेऊन रांगेत उभी राहिले. आपण सोडलेली खाट दुसरं कुणी झाडणार, याचं विचित्र वाटत होतं. पोलंडची मुलगी बसच्या दारापर्यंत आली आणि ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी बोलतच राहिली. सोलापूरला साजेसा निरोप तेवढा एकच. सेनेगलची मुलगी लांब उभी होती. तिची तारीख माझ्यानंतर आठवड्याची. आम्ही एकमेकींना काहीच कबूल केलं नाही. तिनं फक्त हात केला आणि नव्यांच्या गाद्या उचलायला गेली.

तेझेजवळच्या माकोंहून गाडी, पॅरिसहून विमान, मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस. पहाटे स्टेशनवर पप्पा, आई, काका, संडे स्कूलची आठ-दहा पोरं आणि हार. मी हारात मान घातली तेव्हा काका म्हणाले, "आली की बे!" कोटणीसांची भीती त्यांनाही होती तर.

चर्चमध्ये मला दोन रविवार बोलायला लावलं. लोकांना ब्रदरांपेक्षा चमच्याची गोष्ट जास्त आवडली. एका मुलीनं विचारलं, आपल्यातलं अजून कोण जाऊ शकेल? मी अर्ज कसा करायचा ते सांगितलं, विमानाचं तिकीट आणि व्हिसाची फी किती तेही सांगितलं. पतसंस्थेचे हप्ते अजून चालू आहेत हेही सांगितलं, कारण पुढच्या बाकावर पप्पा बसले होते.

परवा पोलंडच्या मुलीचा निरोप आला. ती जानेवारीत भारतात येतेय, त्यातले पाच दिवस सोलापूर. संक्रांतीची गड्ड्याची यात्रा, सिद्धेश्वराचे नंदीध्वज, तळ्याकाठची गर्दी, यातलं काही मी तिला सांगितलेलं तिच्या लक्षात होतं. व्हिसा तिनं घरबसल्या ऑनलाइन काढला. जायचं-यायचं दोन्हीकडचं तिकीट आहे. आईनं आतल्या खोलीतली पेटी हलवायला काढलीय आणि तिला तिखट किती चालतं ते लिहून विचार म्हणून मागं लागलीय. मी कळवलं, शेंगाचटणीचा अख्खा डबा संपवणाऱ्यांत ती होती. "मग कडक भाकरीही करून ठेवते," आई म्हणाली, "जाताना बांधून द्यायला."