पारवा आणि पिंगळा

संग्रहाचा नाद हा पुष्कळसा दम्यासारखा आहे. तो कोणास केव्हा जडेल ह्याचा नेम नाही, आणि जडला म्हणजे घरच्या माणसांस तो आधी उमगतो, रोग्यास मागाहून. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात ओळीने मांडलेले दिवे आणि अडकित्ते पाहताना लोक कारागिरीची वाखाणणी करतात. आमच्या मनात मात्र पहिला विचार येतो तो असा, की हे सारे एकेक करून घरात येत असता घरची मंडळी काय म्हणत असतील? हा विचार येण्याचे कारण उघड आहे. आम्हीही त्याच रोगाचे रोगी आहोत. आमच्या वाट्यास पक्षी आले, आणि तेही पाब्लो पिकासो ह्या स्पॅनिश चित्रकाराचे.

एवढे वाचून वाचकांनी आमच्या सांपत्तिक स्थितीविषयी गैरसमज करून घेऊ नये. आमच्या संग्रहातील बहुतेक वस्तू कागदी आहेत: प्रदर्शनांची भित्तिपत्रके, संग्रहालयांच्या दुकानांतून घेतलेल्या छापील प्रती, पोस्टकार्डे, आणि रद्दीच्या भावाने मिळालेल्या जीर्ण चित्रसूची. खरी म्हणावी अशी वस्तू एकच. ती म्हणजे घुबडाच्या आकाराची, फूटभर उंचीची मातीची सुरई. तिच्याविषयीच सांगावयाचे आहे. पण तिच्याकडे जाण्याची वाट पारव्यांच्या खुराड्यावरून जाते.

पिकासोचा जन्म १८८१ साली मालागा येथे झाला. त्याचे वडील चित्रकलेचे शिक्षक होते आणि कबुतरे रंगविणे हा त्यांचा आवडता उद्योग होता. चित्रातील कबुतरांचे पाय ते लहानग्या पाब्लोकडून काढून घेत, असे सांगतात. ह्या गोष्टीत भर किती घातली गेली असेल ती असो. पण बापाच्या कबुतरांनी मुलाचा पाठलाग जन्मभर सोडला नाही, हे खरे. १९५७ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, कान येथील घरी वेलास्केझच्या एका प्रसिद्ध चित्रावरून अनेक चित्रे रंगविण्याचे मोठे काम त्याने हाती घेतले होते. ते मध्येच बाजूस ठेवून खिडकीतल्या कबुतरांची आणि त्यांच्यापलीकडील निळ्या समुद्राची नऊ चित्रे त्याने काढली. ती आज बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहेत. त्यांच्या छापील प्रती आमच्या जिन्याच्या भिंतीवर आहेत, आणि जिना चढताना आम्ही अजूनही मध्येच थांबतो. घरची मंडळी त्यास गुडघेदुखी समजतात.

ज्या कबुतराने साऱ्या जगास पिकासोची ओळख करून दिली, ते मात्र १९४९ च्या जानेवारीतले. मूर्लो ह्यांच्या पॅरिसमधील छापखान्यात त्याने ते लिथोग्राफ पद्धतीने काढले. लिथोग्राफ म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या ओळखीचा शिळाछाप. ह्याच रीतीने आपल्याकडे पोथ्या छापल्या आणि रविवर्म्याच्या लक्ष्मी-सरस्वती घरोघर गेल्या. पिकासोने दगडाऐवजी जस्ताचा पत्रा घेतला, आणि शाई पातळ करून काळ्याभोर पार्श्वभूमीवर एक पांढरे कबूतर असे उतरविले की त्याच्या छातीचा मऊपणा डोळ्यांस नव्हे, बोटांस जाणवावा. हे कबूतर माटीस ह्या चित्रकाराने त्यास भेट दिलेल्या पक्ष्यांपैकी होते. पायांवर पिसे असलेले, मोठे तोऱ्यातले. छापाच्या पन्नास प्रती निघाल्या. कवी लुई आरागाँ ह्यांनी त्या चित्राची निवड एप्रिल महिन्यात पॅरिस येथे भरणाऱ्या जागतिक शांतता परिषदेच्या भित्तिपत्रकासाठी केली, आणि ते पॅरिसच्या भिंतीभिंतीवर झळकले. त्याच दिवसांत पिकासोस कन्यारत्न झाले. तिचे नाव पालोमा, म्हणजे कबुतरी, असे ठेवण्यात आले.

ह्यातील गंमत अशी, की कबूतर हा शांततेचा पक्षी आहे हे स्वतः पिकासोस मुळीच मान्य नव्हते. त्याची त्या काळची सहचारिणी फ्राँस्वाझ जिलो हिने १९६४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत लिहिले आहे, की कबुतरासारखे क्रूर पाखरू नाही असे तो म्हणे. त्याने पाळलेल्या कबुतरांनी आपल्यातल्याच एका दुबळ्यास टोचून मारले होते. ज्यांच्या सज्जात पारवे राहतात त्यांस ह्याचे नवल वाटणार नाही. आमच्या मातोश्रींचे मत अगदी हेच होते. सज्जातील पारव्यांस त्या दिवसातून दहा वेळा काठीने हाकलीत, आणि भिंतीवरच्या पांढऱ्या कबुतराकडे पाहून म्हणत, "हे बरे आहे. घाण करीत नाही."

आता मातीकडे येऊ. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळ व्हालोरिस नावाचे कुंभारांचे गाव आहे. स्वयंपाकाच्या मडक्यांबद्दल त्याची शतकानुशतके ख्याती होती. पण अल्युमिनियमच्या भांड्यांनी आपल्याकडील कुंभारवाड्यांचे जे केले, तेच तेथेही केले. १९४६ च्या उन्हाळ्यात पिकासो त्या गावी सहज गेला असता जॉर्ज आणि सुझान रामिए ह्या दांपत्याच्या 'मादुरा' नावाच्या कारखान्यात त्याने गंमत म्हणून मातीचे दोनचार आकार केले. पुढच्या वर्षी तो परत आला तो ते भाजून तयार. मग मात्र माती त्यास सोडीना. चाकावरून नुकताच उतरलेला ओला चंबू घ्यावा, त्याची मान पिळावी, पोट जरा दाबावे, की कबूतर तयार! कोंबडी मारणाराचे आणि पाखरू घडविणाराचे हात सारखेच चालतात, हे आम्हांस त्याच्या कामाची छायाचित्रे पाहून प्रथम कळले.

१९४७ पासून १९७१ पर्यंत मादुराने पिकासोच्या ६३३ निरनिराळ्या वस्तूंच्या आवृत्त्या काढल्या. कोणाच्या पंचवीस प्रती, कोणाच्या पाचशे. काही वस्तू त्याने स्वतः कोरलेल्या साच्यावर माती दाबून उठविलेल्या असत. काही त्याने केलेल्या मूळ वस्तूवरून कारागिरांनी हाताने हुबेहूब केलेल्या. येथे आमचे एक तार्किक स्नेही नेहमी अडवितात. "म्हणजे तुमच्या सुरईस पिकासोचा हात लागलेलाच नाही!" ते विजयी मुद्रेने म्हणतात. आम्ही त्यांस विचारतो, "तुमच्या घरी भाद्रपदात जी मूर्ती येते ती साच्यातलीच ना? तशा शेकडो त्या कारखान्यात असतात. मग तुम्ही त्या सर्वांना सोडून आपल्याच पाटावरच्या मूर्तीस नमस्कार का करता?" प्रतिष्ठा ही मातीत नसते, ती घरात व्हावी लागते. १९७३ साली पिकासो वारला. मादुराकडे उरलेला साठा २०१२ साली लंडनच्या लिलावात विकला गेला, आणि त्यातील पाखरे देशोदेशींच्या घरांत जाऊन बसली. त्यांतल्या प्रत्येकाची प्रतिष्ठा कोणी ना कोणी पुन्हा केलीच असेल.

आमच्या घुबडाची प्रतिष्ठा मात्र लवकर झाली नाही.

हे घुबड पिकासोस कसे भेटले ते आधी सांगितले पाहिजे. १९४६ च्या शरदात तो अँतीब येथील समुद्रकाठच्या जुन्या गढीत चित्रे काढीत होता. तेथे पायास दुखापत झालेले एक लहानसे घुबड सापडले. त्याच्या पंजास पट्टी बांधण्यात आली, आणि पुढे ते पॅरिसला नेण्यात आले. तेथे ते स्वयंपाकघरात राही, उंदरांखेरीज कशास तोंड लावीत नसे आणि पिकासोवर फिस्कारत असे. तोही त्यास उलट शिव्या देई. ह्या भांडकुदळ पाहुण्याचे गोल डोळे पुढे कितीतरी चित्रांत, छापांत आणि सुरयांत उतरले.

२००९ साली कामानिमित्त त्या किनाऱ्यावर गेलो असता एका लहानशा दुकानात आम्ही त्या वंशातली एक सुरई पाहिली, आणि चार महिन्यांचे वेतन तेथे ठेवून ती घेतली. प्रवासभर ती मांडीवर होती. घरी आल्यावर गुंडाळी सोडली मात्र, तोच मातोश्री दोन पावले मागे सरल्या. "घुबड? घरात?" एवढेच त्या बोलल्या. आम्ही त्यांस सांगितले, की ग्रीक लोक ह्यास विद्यादेवीचा पक्षी मानीत. बंगाल्यांकडे तर हे लक्ष्मीचे वाहन. त्या म्हणाल्या, "मग त्यांच्याकडे ठेव." लहानपणी त्यांस सांगितले होते, की घुबडास दगड मारू नये, ते तो झेलते आणि पाण्यात नेऊन टाकते, दगड जसा झिजेल तसा मारणारा झिजत जातो. अशा संस्कारांपुढे ग्रीकांची काय मातब्बरी! सुरई एका जुन्या धोतरात गुंडाळून कपाटात गेली आणि सात वर्षे तेथेच राहिली. आमच्या संग्रहातील एकमेव खरी वस्तू आम्ही चोरट्यासारखी रात्री काढून पाहात असू.

२०१६ च्या उन्हाळ्यात एके दुपारी त्या आपण होऊन म्हणाल्या, "ते तुझे घुबड आण बघू." दृष्टी त्या वेळी बरीच अधू झाली होती. त्यांनी सुरई मांडीवर घेतली आणि बोटांनी चाचपली: चोच, पोट, मागे घेतलेले पंख. मग हसल्या. "अरे, हे कुठले घुबड? हा तर पिंगळा! आमच्या माहेरी चिंचेच्या ढोलीत होता." मग पहाटे कंदील घेऊन येणाऱ्या आणि भविष्य सांगणाऱ्या पिंगळ्याच्या गोष्टी निघाल्या. आम्ही अँतीबची हकीकत सांगितली. त्यांनी एकच प्रश्न केला: "त्याचा पाय बरा झाला का?" आम्ही म्हणालो, "झाला." त्या म्हणाल्या, "मग असू दे बाहेर. फक्त तोंड दाराकडे नको."

अशी प्रतिष्ठा झाली. आणि वर्ष उलटले नाही तोच, पावसाळ्यात, त्या न्हाणीघरात पडल्या आणि मांडीचे हाड मोडले. इस्पितळात भेटीस आलेल्या मावशींनी आमच्याकडे न पाहता म्हटले, "घरात नको ते आणले की असे व्हायचेच." आम्ही काहीच बोललो नाही. आम्ही पदवीधर, अंधश्रद्धेवर तावातावाने वाद घातलेले, ओली फरशी आणि म्हातारे हाड ह्यांचा कार्यकारणभाव आम्हांस पूर्ण ठाऊक. त्या रात्री घरी आलो, दिवा लावला नाही, सुरई उचलली, धोतरात गुंडाळली आणि कपाटात ठेवून कुलूप लावले.

हे आम्ही का केले, ह्याचा विचार आजवर पुष्कळ वेळा केला. भीतीने केले म्हणावे तर मनात भीतीचा शब्दही उमटला नव्हता. प्रेमाने केले म्हणावे तर प्रेमास अंधार कशाला हवा होता? आमच्या ध्यानात आले ते इतकेच, की बुद्धी ही घरातील दिवाणखान्यासारखी आहे. पाहुण्यांची ऊठबस तेथे होते, पण संकटात माणूस माजघरात धावतो. आणि आमच्या माजघरात तो झेललेला दगड अजून पाण्यात झिजतच होता.

तीन आठवड्यांनी मातोश्री घरी आल्या. खाटेवर पडल्या पडल्या त्यांची नजर कोनाड्याकडे गेली. जे दिसत नव्हते तेही त्यांस दिसले. "पिंगळा कुठे गेला?" त्यांनी विचारले.

"धूळ बसत होती," आम्ही म्हणालो.

"धूळ नव्हे. तू घाबरलास." थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "त्या बिचाऱ्याचाही पायच मोडला होता ना? आण त्याला. दोघे मिळून बरे होऊ."

सुरई कोनाड्यात परत आली. त्यानंतर दोन वर्षे त्या काठीच्या आधाराने घरात हिंडत होत्या, आणि जातायेता सुरईच्या डोक्यावरून हात फिरवीत. त्या जागेवरची झिलई इतर भागापेक्षा जराशी गुळगुळीत आहे असे आम्हांस वाटते; भाजलेल्या झिलईवर एवढ्याने काही होत नाही, हे आमचे तार्किक स्नेही लागलीच सांगतील.

२०१९ मध्ये त्या गेल्या. अलीकडे एका जाणकाराने सुरईची जी किंमत सांगितली ती ऐकून घरातील तरुण मंडळींचे डोळे घुबडाहून मोठे झाले. आम्ही विकणार नाही, हे त्यांसही ठाऊक आहे. जाणकार जाताना म्हणाले, की वस्तू अशी तिरपी ठेवण्यात तिची शोभा निम्मी जाते. दाराकडे तोंड केले तर येणाऱ्याजाणाऱ्यास पुरी दिसेल. त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. आम्ही मान डोलावली, त्यांस दारापर्यंत पोहोचविले, आणि परत येऊन पाहिले: पिंगळा पूर्वीप्रमाणेच भिंतीकडे कलून बसला होता. आम्ही त्यास तसाच राहू दिला.