खुरप्याचा दांडा

नांगराचं आणि बैलजोडीचं कौतुक मराठी वाचकाला नवं नाही. आपले ग्रामीण लेखक नांगरापाशी रमतात, फार तर मोटेपाशी. खुरप्यावर कुणी मन लावून दोन पानं लिहिल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. कारण उघड आहे. नांगर पुरुषाच्या हातात असतो, खुरपं बाईच्या. त्यातही मजुरीवर जाणाऱ्या बाईच्या. घरातल्या सगळ्या हत्यारांत मला खुरपं आवडतं, आणि त्याच्याविषयी माझ्या मनात थोडी अढीही आहे. हे दोन्ही एकाच वेळी कसं, ते सांगायचं आहे.

आम्ही बागवान. आडनाव बागेचं, पण बाग आमची कधी नव्हती. अब्बा जुन्नर-आंबेगावच्या गावांतून फिरून झाडावरचं फळ पाहत, आंब्या-सीताफळांच्या बागा खंडून घेत, राखणीला तिथेच राहत आणि माल उतरवून नारायणगाव-मंचरच्या बाजारात विकत. त्यांची हत्यारं म्हणजे झेला, लांब बांबूची आकडी, पाट्या आणि तराजू. जुन्नर ही मलिक अहमदच्या निजामशाहीची पहिली राजधानी. शहरालगत हापूसबाग नावाचं गाव आहे, हबशी महालाची जुनी इमारतही त्याच भागात आहे. आपल्या मंडळींना हा इतिहास सांगायला आवडतो. मलाही आवडतो. पण त्या जुन्या बागांतलं तण कोण काढत होतं, हे कुठल्याही तवारिखेत लिहिलेलं असेल असं वाटत नाही.

अब्बांचा धंदा हंगामी होता. बाकीचे महिने घर चालायचं ते अम्मीच्या खुरप्यावर.

आमच्या पडवीत हत्यारं भिंतीला टेकून उभी असत : कुदळ, टिकाव, फावडं, पहार, घमेलं पालथं, विळा वाशात खोचलेला. गावात मुसलमानांची घरं मोजकी. मय्यत झाली की घराघरांतून कुदळी-फावडी गोळा व्हायची. जमीन मुरमाड, पहारीशिवाय कबर खाली उतरत नाही. काम झालं की हत्यारं धुऊन परत यायची आणि दुसऱ्या दिवशी त्याच कुदळीनं कुणाच्या तरी झाडाला आळं केलं जायचं. लहानपणी मला त्या कुदळीला हात लावायची भीती वाटे. अम्मी म्हणायची, "मिट्टी तो मिट्टी है, डरती कायकू?" खुरपं मात्र उसनं मागायला कुणी येत नसे. ते ज्या त्या बाईचं स्वतःचं असतं. रोजंदारीला जाताना भाकरीच्या फडक्याबरोबर ते न्यावं लागतं. मालक देत नाही.

खुरपं घ्यायचं तर घिसाड्याकडूनच, असं अम्मीचं ठाम मत. हिवाळ्यात गावाबाहेर त्यांची पालं पडत. भट्टीपुढे नवरा सांडशीत लालभडक लोखंड धरून बसतो आणि घण मारते ती त्याची बायको. हे दृश्य ज्यांनी पाहिलंय, त्यांनी बाईच्या अंगात बळ नसतं असं म्हणायचं धाडस करू नये. लोखंड ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं. ते ठोकून पान रुंद करायचं, मागे टोक काढायचं, मग धारेच्या बाजूनं पाणी पाजायचं. पाणी जास्त झालं तर पान दगडाला लागून कपचा उडतो. कमी झालं तर धार वळते. अम्मी पान हातात घेऊन नखानं वाजवून पाही, तळव्यावर तोल बघे आणि मगच पैशांची बोली लावे. दुकानातलं पत्र्यातून कापलेलं खुरपं स्वस्त मिळतं. एका लव्हाळ्याच्या गाठीतच ते वाकतं. दांडा बाभळीचा, जेमतेम वीतभर. धार ती स्वतः ओढ्यातल्या दगडावर लावायची. शिकलगाराकडे जायची ती फक्त अब्बांची सुरी आणि घरातली कात्री.

तिचं एक जुनं खुरपं माझ्याकडे आहे. पान निम्म्याच्या वर झिजलेलं, तेही एकाच अंगानं, कारण ती उजव्या हातानं डावीकडे ओढत जायची. ते निम्मं लोखंड लोकांच्या वावरांत गेलं.

आमच्या भागात खुरपणीचा खरा कस कांद्यात लागतो. दोन ओळींत वीतभराहून कमी अंतर, ओळीतल्या दोन रोपांत चार बोटं. त्यात हरळी आणि लव्हाळा. लव्हाळ्याचं वरचं पातं तोडून उपयोग नाही. खाली मातीत गाठी असतात, त्या राहिल्या की आठवड्यात पुन्हा वर. खुरप्याचं टोक तिरकं घालून, रोपाच्या मुळाला धक्का न लावता ती गाठ उचलावी लागते. हे काम उकिडवं बसूनच होतं. बायका पात धरून वाफ्यातून बसल्या बसल्या पुढे सरकतात. खोडदला ती मोठी रेडिओ दुर्बीण आहे ना, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्यांची. त्या तबकड्यांच्या आसपासच्या शेतांतही कांदा असतो आणि कांद्यात बायका. तबकडीचं तोंड आभाळाकडे, बाईचं मातीकडे. शाळेची सहल घेऊन जाते तेव्हा माझी मुलं तबकड्या मोजतात. मी बायका मोजते.

आता अढीचं कारण. कुकडी प्रकल्पाची धरणं झाली. माणिकडोह, वडज, येडगाव, पिंपळगाव जोगे आणि इकडे आंबेगावात डिंभे. डिंभ्याच्या पाण्याखाली जुनं आंबेगावच गेलं. तालुक्याला नाव त्याचं राहिलं आणि कचेरी घोडेगावात. कालवे आले, ऊस आला, साखर कारखाने आले. उसात बिबट्या आला आणि राहिला. त्याची पिल्लं उसातच जन्मतात. बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याची मोहीम 2001 साली सुरू झाली आणि माणसांवरचे हल्ले घटायच्या ऐवजी वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे की, वर्षाला सरासरी 4 हल्ले होत ते 17 वर गेले. माणिकडोहला आज बिबट निवारा केंद्र आहे. वनखात्याचे लोक गावात येऊन सांगतात, शेतात वाकून किंवा बसून काम करताना सावध राहा. उभं माणूस बिबट्याला माणूस दिसतं. बसलेली, पाठ वळवलेली, लहानशी झालेली बाई त्याला शेळीसारखी वाटू शकते. 2025 च्या नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात, पिंपरखेडला, लोक गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालून शेतावर जातानाचे फोटो सगळ्यांनी पाहिले. मी त्यातल्या बायकांच्या हातांकडे पाहत होते. पट्टा नवा होता. हातातल्या खुरप्याचा दांडा वीतभरच असणार.

दांड्याच्या लांबीवर दूरच्या एका मुलुखात कोर्टकज्जा झालेला आहे. कॅलिफोर्नियात मेक्सिकन मजुरांना आखूड दांड्याच्या कुदळीनं, दिवसभर कमरेत वाकून, सॅलडच्या पानांची आणि बिटाची विरळणी करावी लागे. ते तिला एल कोर्तीतो, म्हणजे आखूडली, म्हणत. मालकांचं म्हणणं, लांब दांड्यानं पीक खराब होतं. मजुरांचं म्हणणं, वाकलेल्या रांगेत जो ताठ झाला तो मुकादमाला लांबून दिसतो, म्हणून ही कुदळ. पाठीचे मणके गेलेल्या मजुरांनी साक्षी दिल्या. 1975 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मजुरांच्या बाजूनं निकाल दिला आणि ती कुदळ बंद झाली. शेती काही बुडाली नाही. मुकादमाची गोष्ट वाचताना मला हसू आलं. आमच्याकडेही पाठ मोकळी करायला बाई उभी राहिली, की बांधावरून हाक येतेच : "काय बाई, पात संपली का?"

म्हणून मी एकदा मंचरहून लांब दांड्याचं, पुढे चाक असलेलं सायकल कोळपं आणलं आणि अम्मीपुढे ठेवलं. तिनं ते टोमॅटोच्या सरीत चालवलं, दोन तास, न बसता. उतरत्या उन्हात परत आली ती खूश होती. मग कांद्याच्या वाफ्यात घातलं आणि तिसऱ्याच ओळीत थांबली. चार रोपांच्या माना तुटल्या होत्या. "टमाट्याकू ठीक है," ती म्हणाली, "कांदे में ये नको. इसकू आँख नहीं." खुरप्याला डोळे असतात हे तिचं म्हणणं मला पटतं. बोटांना मातीतली गाठ कळते ती खुरप्याच्या पानातून. सहा हात लांबून ती कळत नाही. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या मालकांचं सगळंच खोटं होतं असंही मी म्हणणार नाही. फक्त गुडघे त्यांचे नव्हते.

अम्मी आता सत्तरीच्या पुढे आहे. डॉक्टरांनी मांडी घालून, उकिडवं बसायला मनाई केली आहे. नमाज ती खुर्चीवर पढते. पण परसातल्या कोथिंबिरीच्या वाफ्यात तण दिसलं की खुर्ची बाजूला राहते आणि ही खाली. उठताना दोन माणसांचा हात लागतो. ओरडायचं तरी किती?

गेल्या महिन्यात जुन्नरच्या बाजारात एका लोहाराला मी विचारलं, खुरप्याचं पान हेच ठेवून दांडा कमरेएवढा करून देता येईल का, पान थोडं वाकवून, म्हणजे उभ्यानं टोक तिरकं घालता येईल. त्यानं खुरपं उलटसुलट करून पाहिलं. होईल म्हणाला, पण मान जाड लागेल, नाहीतर लांब दांड्याच्या जोरानं तिथेच मोडेल. वजन वाढेल, पैसेही वाढतील. "बायका घेतील का?" मी विचारलं. तो म्हणाला, "बाई, खुरपं त्या स्वतःच्या रोजातून घेतात. दोन दिवसांचा रोज कोण घालील? मालकानं घेतलं तर मी शंभर करून देतो."

एक करायला सांगून आले आहे. बाभळीचा दांडा वाळलेला नाही, पंधरा दिवस थांबा म्हणाला.